आय नगराची लढाई आणि पळून जाण्याचं सोंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलच्या जुन्या करारात लढायांना तोटा नाही. पण बहुतेक ठिकाणी कोण जिंकलं, किती पडले आणि देवाची मर्जी कोणावर होती, एवढ्यावरच भागवलेलं असतं. डाव कसा रचला, कोण कुठे लपलं, इशारत काय ठरली होती, हे ओळीने सांगणारी ठिकाणं थोडी. यहोशवाच्या पुस्तकातली आय नगराची लढाई त्यांतली एक. खालचे काही प्रश्न श्रद्धेने वाचणाऱ्यांचे आहेत, काही लष्करी इतिहासाच्या शौकिनांचे, आणि एकदोन असे की ते विचारताना लोक जरा चाचरतात.

थोडक्यात सांगा, तिथे झालं काय?

इस्राएली लोकांनी यार्देन नदी ओलांडली, यरीहो घेतलं आणि मग डोंगरावरच्या आय नावाच्या लहानशा नगराकडे मोर्चा वळवला. पहिला हल्ला सपशेल फसला. दुसऱ्या खेपेला त्यांचा पुढारी यहोशवा याने रात्रीतून एक तुकडी नगराच्या पिछाडीला, म्हणजे पश्चिमेला, लपवली. उरलेलं सैन्य घेऊन तो राजरोस समोर आला आणि आयचे लोक चालून येताच हरल्यासारखं दाखवून पळत सुटला. नगर तसंच उघडं टाकून सगळे पाठलागावर धावले. दबा धरून बसलेल्यांनी आत शिरून नगर पेटवलं. धूर दिसताच पळणारे उलटले आणि आयचे लढवय्ये दोन फळ्यांच्या मधोमध सापडले.

ही हकीकत आठव्या अध्यायात आहे. पण सातवा वगळून आठवा वाचणाऱ्याला डावातली खरी मेख कळत नाही, म्हणून सुरुवात सातव्यापासूनच करावी.

पहिल्यांदा हरले कसे? यरीहोसारखं तटबंदीचं नगर तर आधीच पडलं होतं.

त्या विजयानेच घात केला असं दिसतं. हेरांनी परत येऊन सांगितलं, सगळ्यांना वर चढवायचं कारण नाही, लोक थोडेच आहेत, दोन-तीन हजार माणसं पुरेत. मग साधारण ३,००० गेले. आयच्या लोकांनी त्यांना वेशीपासून शबारीमपर्यंत पिटाळलं, उतारावर गाठून मारलं, आणि ३६ माणसं पडली.

आकडा लहान वाटतो, पण परिणाम मोठा झाला. लोकांची काळजं वितळून पाण्यासारखी झाली, असं तिथे लिहिलं आहे. तोवर हे वर्णन कनानी लोकांच्या, म्हणजे त्या देशात आधीपासून राहणाऱ्यांच्या, वाट्याला येत होतं. इथे पहिल्यांदा ते इस्राएलवर उलटलं. यहोशवा कपडे फाडून संध्याकाळपर्यंत कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीपुढे, पालथा पडून राहिला.

भूगोलही विसरू नये. यरीहो समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर खाली आहे आणि आयचा डोंगरमाथा आठशे मीटरच्या वर. म्हणजे हजार मीटरपेक्षा जास्त चढण, तीही कोरड्या, उघड्या दऱ्यांमधून. एवढं चढून आलेल्या माणसांपुढे ताज्या दमाचे, घरच्या जमिनीवरचे लोक उभे होते. बायबल हे कारण देत नाही. त्याच्या लेखी पराभवाचं कारण एकच, आखान.

आखानाचा या लढाईशी काय संबंध?

यरीहोतली लूट परमेश्वराला अर्पण झालेली होती. कोणी काही घ्यायचं नव्हतं. यहूदा वंशातल्या आखानाने शिनार, म्हणजे बाबेल, देशातला एक उंची झगा, २०० शेकेल (शेकेल हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट उचलून तंबूतल्या जमिनीत पुरून ठेवली. पराभवानंतर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. आधी वंश, मग कूळ, मग घराणं असं करत बोट त्याच्यावर आलं. अखोरच्या खोऱ्यात त्याला दगडमार झाली आणि वर धोंड्यांची रास रचली गेली.

कथाकाराची एक खोच इथे सहज नजरेतून सुटते. पुढच्याच स्वारीत, आय घेताना, देव लूट आणि गुरंढोरं घ्यायची मोकळीक देतो. आखानाने एक लढाई धीर धरला असता तर रीतसर वाटा मिळाला असता.

दुसऱ्या हल्ल्याची आखणी नेमकी कशी होती?

तुकड्या कुठे होत्या ते डोळ्यांपुढे आणलं की बाकी सोपं आहे. पश्चिमेला बेथेल, पूर्वेला आय, मधलं अंतर जेमतेम ३ किलोमीटर. अब्राहामाने तंबू ठोकला होता तो याच पट्ट्यात. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात बेथेल पश्चिमेला आणि आय पूर्वेला असं स्पष्ट सांगितलं आहे. दबा धरणारी तुकडी या दोन नगरांच्या मध्ये जाऊन बसली.

मुख्य सैन्याने तळ दिला उत्तरेला. तळ आणि नगर यांच्यामध्ये दरी होती. म्हणजे तळ दिसणार सगळ्यांना, पण अचानक झडप घालून तो उधळणं सोपं नाही. रात्री यहोशवा त्या दरीत उतरून आला, राजाची नजर तिथेच खिळावी म्हणून. सकाळी राजा घाईघाईने बाहेर पडला आणि अराबाच्या, म्हणजे यार्देनच्या खोऱ्याच्या, बाजूला, ठरलेल्या जागी लढाईला उभा राहिला. इस्राएली पळाले ते पूर्वेकडे, रानाच्या दिशेने. पाठलाग जितका लांबेल तितकं नगर मागे पडणार आणि पश्चिमेची तुकडी तितकी निर्धास्त होणार.

लपणाऱ्यांना दिलेल्या सूचना वाचण्यासारख्या आहेत: नगरापासून फार लांब जाऊ नका, सगळे सज्ज राहा, आम्ही त्यांना ओढून नेऊ, मग तुम्ही उठा आणि नगर ताब्यात घेऊन पेटवा. कुठेही अलंकार नाही. एखाद्या सुभेदाराने तुकडीला बजावावं तसं.

आयचा राजा एवढा भोळा होता का? पिछाडीला चौकी-पहारा काहीच नव्हता?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचाही हाच आहे. राजाला भोळा ठरवणं सोपं आहे. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. काही दिवसांपूर्वी हेच लोक याच वाटेने आले होते, थोडी झटापट होताच पळाले होते, आणि त्याच्या माणसांनी उतारावर त्यांना कापून काढलं होतं. आता ते पुन्हा आले आणि पुन्हा पळाले. त्याने जे पाहिलं त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा कसा म्हणायचा?

यहोशवाने डाव रचला तो नेमका याच अनुभवावर. लपणाऱ्यांना समजावताना तो म्हणतो की ते लोक म्हणतील, हे तर पहिल्यासारखेच पळताहेत. खरा पराभव झाला होता म्हणूनच खोटा पराभव खपला. ३६ माणसांच्या मरणाने आयच्या लोकांना जी खात्री दिली, ती कोणत्याही हेराच्या बातमीने दिली नसती. पहिलीच भेट असती आणि इस्राएली लगेच पाठ दाखवून पळाले असते, तर कोणीतरी शहाणा नक्की म्हणाला असता, थांबा, यात काहीतरी काळंबेरं आहे.

राजाची चूक वेगळी होती. पाठलाग करणं एक वेळ ठीक, पण नगरातला प्रत्येक माणूस बाहेर काढला. वेशी लावल्या नाहीत, मागे शिबंदी ठेवली नाही. पहिल्या दिवशीही बहुधा असंच केलं असेल आणि निभावलं असेल. निभावून गेलेली चूक माणूस पुन्हा करतो.

पळण्याचं सोंग करणं एवढं कठीण असतं का?

लपून बसण्यापेक्षा कितीतरी कठीण. सोंग शत्रूला खरं वाटलं पाहिजे आणि आपल्या माणसांना खोटं. गडबड होते ती दुसऱ्या भागात. पुढचे पळाले की मागच्यांना वाटतं खरंच मोडलो, आणि मग खरोखरच मोड होतो. पाठीवर भाले घेऊन धावणाऱ्या जमावाला एका क्षणी थांबवून उलटं फिरवायचं, तेही आठवडा-पंधरवड्यापूर्वी याच जागी जीव घेऊन पळालेल्या माणसांना, ही आयमधली खरी कामगिरी. शिवाय ते उताराने पळत होते. उलटायचं म्हणजे चढावर लढायचं.

इतिहासात असे प्रसंग आहेत. १०६६ मध्ये इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला, तिथे चालून आलेल्या नॉर्मंडीच्या विल्यमच्या पदरी असलेल्या पाद्र्याच्या वृत्तांतानुसार नॉर्मन सैन्याची एक बाजू आधी खरोखर मोडली, इंग्रज फळी सोडून पाठलागावर धावले आणि उघड्यावर कापले गेले. ते पाहून नॉर्मनांनी मग मुद्दाम पळून दाखवलं. पुन्हा तोच क्रम, आधी खरी पळापळ, मग नकली. तिथे खरोखर सोंग होतं की पळापळीला नंतर दिलेलं गोंडस नाव, यावर इतिहासकार अजून भांडतात. तराईच्या दुसऱ्या लढाईत, ११९२ मध्ये, घोरीच्या घोडेस्वार तिरंदाजांनी बाण मारायचे आणि मागे सरायचं असं करत पृथ्वीराजाच्या सैन्याला थकवलं, आणि राखून ठेवलेलं ताजं घोडदळ शेवटी सोडलं. पण ते घोड्यावरचे लोक होते. घोडेस्वाराला अंतर तोडणं जमतं. आयमध्ये सगळा मामला पायदळाचा.

यहोशवाने भाला उगारला ती इशारत पश्चिमेला लपलेल्यांना दिसली तरी कशी?

चांगला प्रश्न. यहोशवा पूर्वेकडे पळणाऱ्यांबरोबर, तुकडी पश्चिमेला, मध्ये नगर आणि डोंगराची धार. एका माणसाच्या हातातला भाला दोन-तीन किलोमीटरवरून दिसणं अवघडच. काहींच्या मते यहोशवा उंचवट्यावर थांबला होता आणि पात्यावर ऊन चमकलं. काहींच्या मते मध्ये टेहळणीची माणसं पेरलेली होती आणि इशारत हातोहात पोचली. मला दुसरं जास्त पटतं. दोन फौजा एकमेकींना दिसत नसतील तर कोणताही जाणता सेनापती मध्ये माणसं उभी करणारच.

मजकुरात मात्र भाल्याला आणखी एक वजन आहे. नगर पूर्ण पडेपर्यंत यहोशवाने हात खाली घेतला नाही. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना यहोशवाच्या आधीचा पुढारी मोशे याने हात वर धरून ठेवले होते आणि खाली मैदानात लढत होता तो हाच यहोशवा. वाचणाऱ्याला ते आठवावं अशीच रचना आहे. तेव्हा भाला इशारत आहे की प्रार्थना, हे वेगळं काढायचा अट्टहास करू नये.

नगराच्या धुराचं काम मात्र सरळ आहे. तो पळणाऱ्यांसाठी इशारा होता: आता फिरा. आणि आयच्या लोकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्यासाठीही तोच निरोप होता.

दबा धरणारे ३०,००० होते की ५,०००?

मजकुरात दोन्ही आकडे आहेत. तिसऱ्या वचनात ३०,००० निवडक वीर रात्री पाठवले, बाराव्यात सुमारे ५,००० बेथेल आणि आय यांच्या मध्ये बसवले. कोणी म्हणतं दोन तुकड्या होत्या, एक आयसाठी आणि एक बेथेलवर नजर ठेवायला. कोणी म्हणतं एकाच घटनेच्या दोन हकीकती शिवल्या गेल्या आणि टाका दिसतो आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात हा भाग बराच आखूड आहे, त्यात ५,००० चा आकडाच नाही. माझा कौल टाक्याच्या बाजूने.

आता व्यवहार बघा. ३०,००० माणसं दोन नगरांच्या मध्ये, ३ किलोमीटरच्या पट्ट्यात, ओरडा न होता लपवायची. त्यांचं पाणी, त्यांची शिदोरी, त्यांचं खोकणं. आणि मजकूर जसाच्या तसा घेतला तर पहिली तुकडी एक रात्र नव्हे, मधला अख्खा दिवस धरून दोन रात्री तिथे होती. बेथेलचा एखादा गुराखी शेळ्या घेऊन त्या बाजूला गेला असता तरी सगळं उघडं पडलं असतं. म्हणून बरेच अभ्यासक ‘हजार’ हा शब्द मोजणीचा न धरता कुळाच्या तुकडीचा धरतात. तसं केलं तर ३० तुकड्या, म्हणजे काही शे माणसं. एवढी माणसं त्या खडकाळ घळींमध्ये नक्की लपू शकतात.

बेथेलचे लोक मध्येच कुठून आले?

सतराव्या वचनात आय आणि बेथेल दोन्हीकडे एकही पुरुष उरला नाही, सगळे पाठलागावर गेले, असं येतं. त्याआधी किंवा नंतर बेथेलच्या सैन्याचा उल्लेख नाही. ग्रीक भाषांतरात तर बेथेलचं नावच नाही. शेजारचं नगर मदतीला आलं असेल तर नवल नाही, पण मग लपलेली तुकडी त्यांच्याच वाटेवर बसलेली होती, याचं काय, ते कथाकार सांगत नाही.

देवानेच फसवणूक करायला सांगितली, हे कसं?

आठव्या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात नगराच्या मागे दबा बसव असं परमेश्वर सांगतो, त्यामुळे हा प्रश्न जुना आहे. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने पाचव्या शतकात याच वचनावर लिहिताना म्हटलं की युद्ध न्यायाचं असेल तर ते उघड लढलं की दबा धरून, याने न्यायात फरक पडत नाही. १३ व्या शतकात थॉमस अक्विनासने ऑगस्टिनचाच आधार घेऊन आणखी बारीक भेद केला: शत्रूला दिलेला शब्द मोडणं वा खोटं बोलणं वेगळं, आपला बेत त्याला न सांगणं वेगळं. पहिलं कधीच चालत नाही, दुसरं चालतं.

आजचा युद्धकायदाही जवळपास त्याच रेषेवर उभा आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलनुसार छद्म हालचाली, दबा, दिशाभूल हे सगळं मान्य आहे. शरण आल्याचं किंवा जखमी असल्याचं सोंग करून मारणं हा मात्र विश्वासघात, आणि तो निषिद्ध. यहोशवाचे लोक पळाले. शरणागतीचं निशाण दाखवून उलटले असते तर गोष्ट निराळी झाली असती.

आणि नंतरची कत्तल? ती कशी वाचायची?

डावपेचांचं कौतुक करणारे इथे पान उलटतात. उलटू नये. त्या दिवशी पुरुष आणि स्त्रिया मिळून १२,००० पडले, आयमधले सगळे, असं लिहिलं आहे. राजाला जिवंत धरलं, झाडावर टांगलं, सूर्यास्ताला उतरवलं आणि वेशीच्या तोंडाशी टाकून वर धोंड्यांची रास केली. सूर्यास्ताला प्रेत उतरवणं हा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला नियम, तो पाळला गेला. नगरातल्या बायकांसाठी कोणता नियम नव्हता.

यावर तीन प्रकारची उत्तरं ऐकू येतात. कनानी लोकांवरचा हा देवाचा न्याय होता, असं एक. त्या काळच्या राजांच्या विजयलेखांत सगळं नष्ट केलं अशी भाषा सर्रास असते, इथेही ती तशीच अतिशयोक्ती आहे, असं दुसरं. मवाबच्या मेशा राजाचा इ. स. पू. नवव्या शतकातला शिलालेख याला चांगला दाखला आहे. त्यातही आपल्या देवाला नगर अर्पण करून सगळ्यांना मारल्याची बढाई आहे, आणि तिथे मारले गेलेले इस्राएली आहेत. तिसरं उत्तर असं की हा मजकूर खूप नंतर, बहुधा राजेशाहीच्या अखेरच्या काळात किंवा बाबेलच्या बंदिवासात आकाराला आला, आणि स्वतः चिरडल्या गेलेल्या लोकांनी तो लिहिला. मला दुसरं आणि तिसरं उत्तर एकत्र पटतं. पण कोणत्याही उत्तराने ते वचन वाचायला सोपं होत नाही, आणि होऊ नये.

आय आज कुठे आहे? तिथे काही सापडलं का?

बहुतेक अभ्यासक एत-तेल या टेकाडाकडे बोट दाखवतात. ते जेरुसलेमच्या उत्तरेला सुमारे १५ किलोमीटरवर, वेस्ट बँकमधल्या देइर दिबवान गावाजवळ आहे. बेथेल म्हणजे आजचं बेतीन, हे एडवर्ड रॉबिन्सनने १८३८ मध्ये ठरवलं, आणि त्याच्या पूर्वेला प्राचीन अवशेषांचं मोठं टेकाड म्हणून विल्यम ऑलब्राइटने १९२४ मध्ये एत-तेलला आय म्हटलं. उत्तरेला खोल दरी, पश्चिमेला बेथेल, सगळं मजकुराशी जुळतं.

खोदल्यावर मात्र गोची झाली. ज्युडिथ मार्के-क्राउझ यांनी १९३३ ते १९३५ मध्ये तिथे उत्खनन केलं. नंतर १९६४ पासून जोसेफ कॅलवे यांनी अनेक हंगाम काम केलं. दोघांनाही भक्कम तटबंदीचं, सुमारे ११ हेक्टरचं मोठं नगर सापडलं. पण ते इ. स. पू. २४०० च्या आसपास नष्ट झालेलं. त्यानंतर हजारभर वर्षं तिथे कोणी राहतच नव्हतं. इ. स. पू. १२०० च्या सुमाराला जुन्या अवशेषांवर एक लहान खेडं वसलं, तट नसलेलं, खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि खांबांची घरं असलेलं, आणि दीडएकशे वर्षांत तेही ओस पडलं.

यहोशवाचा काळ इ. स. पू. १४०० च्या सुमाराचा धरा किंवा तेराव्या शतकातला, दोन्ही वेळी एत-तेलवर जिंकण्याजोगं नगर नव्हतं, राजा नव्हता, पेटवायला वेस नव्हती. कॅलवे स्वतः बाप्टिस्ट पंथाचे. बायबल खरं ठरावं असंच त्यांना वाटत असणार. तरी त्यांनी हे लपवलं नाही, उलट आयचा पेच हा प्रत्येक मताला अडचणीत आणणारा आहे असं खुलेपणाने मांडलं. याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

मग लढाई घडलीच नाही म्हणायचं का?

इतक्या लवकर निकाल देता येत नाही. ऑलब्राइटचं म्हणणं होतं की मुळात ही बेथेल जिंकल्याची गोष्ट, ती शेजारच्या ओसाड टेकाडाला चिकटली. मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाच्या मते एवढा मोठा उजाड ढिगारा रोज नजरेपुढे होता, लोक विचारत हा कोणी केला, आणि त्याचं उत्तर म्हणून कथा तयार झाली. मजकुरात हा ढिगारा आणि राजावरची रास आजवर आहे असं सांगितलंच आहे. दुसरीकडे, बायबलमधला वृत्तांत जसाच्या तसा खरा मानणाऱ्या उत्खननकारांनी आय दुसरीकडे शोधलं. एत-तेलच्या पश्चिमेला सुमारे एक किलोमीटरवरच्या खिर्बेत एल-मकातिर इथे ब्रायंट वुड यांच्या गटाने १९९५ पासून खोदकाम केलं आणि इ. स. पू. पंधराव्या शतकातली लहान गढी सापडल्याचा दावा केला. बहुसंख्य पुरातत्त्वज्ञांनी तो स्वीकारलेला नाही.

मला एक गोष्ट खटकते ती अशी. निव्वळ ढिगाऱ्याचं कारण सांगायचं तर देवाने आग पाडली एवढं पुरलं असतं, सदोमाच्या गोष्टीत पुरलंच आहे. इथे दरी कुठे, तळ कुठे, कोणत्या दिशेला पळाले, कोण कधी उठलं, हे सगळं जागेवर बरोबर बसतं. ज्याने हे पहिल्यांदा सांगितलं त्याला तो मुलूख पायाखालचा होता. जागा खरी आणि डाव कुठल्यातरी खऱ्या लढाईचा, पण ती लढाई इथलीच का, हे एत-तेलची माती सांगत नाही.

गिबाच्या लढाईतही हाच डाव आहे ना?

जवळजवळ तंतोतंत. शास्त्यांच्या पुस्तकाचा विसावा अध्याय. बाकीचं इस्राएल विरुद्ध बन्यामीन वंश, म्हणजे भाऊबंदकीच. कारण अत्यंत भीषण: गिबामध्ये वस्तीला आलेल्या, लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीवर रात्रभर झालेला अत्याचार आणि तिचा मृत्यू. बन्यामिनी लोकांकडे ७०० डावखुरे गोफणवाले होते, केसावर नेम धरला तरी चुकायचे नाहीत. पहिल्या दिवशी इस्राएलचे २२,००० पडले, दुसऱ्या दिवशी १८,०००. तिसऱ्या दिवशी गिबाभोवती दबा बसवला, मुख्य सैन्य पळालं, बन्यामिनी म्हणाले हे तर पहिल्यासारखेच हरले, नगर पेटलं, धुराचा खांब उठला, पळणारे उलटले. शेवटी ६०० जण रिम्मोनच्या खडकावर पोचले आणि चार महिने तिथे राहिले.

एका कथेवरून दुसरी बेतली असावी असं अनेकांचं मत आहे, कोणती आधीची यावर एकमत नाही. माझ्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखं हे की इथेही सोंगाआधी खरे पराभव आहेत, एक सोडून दोन. गिबा म्हणजे जेरुसलेमच्या उत्तरेचं तेल एल-फुल, असं सहसा मानतात.

हा गनिमी कावाच झाला की!

मराठी वाचकाच्या तोंडी हे येणारच. लहान फौज, डोंगराळ मुलूख, शत्रूला आपल्या सोयीच्या जागी आणणं, हे साम्य आहे. पण सरसकट एक म्हणू नये. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली तेव्हा पळण्याचं सोंग नव्हतं; खान स्वतःच अरुंद वाटेत उतरला आणि दोन्ही तोंडं बंद झाली. हल्ला करून निसटायचं आणि शत्रूला हैराण करायचं हा गनिमी काव्याचा गाभा. आयमध्ये एकाच दिवशी, एकाच ठिकाणी सगळा सोक्षमोक्ष लावायचा होता. आणि निसटणं तर दूरच, उलटून समोरासमोर भिडायचं होतं.

दबा धरूनही डाव फसला असं बायबलमध्ये कुठे आहे का?

आहे. दुसऱ्या इतिहासाच्या पुस्तकातला १३ वा अध्याय. तोवर इस्राएल आणि यहूदा अशी दोन राज्यं झाली होती. इस्राएलचा राजा यराबाम यहूदाच्या राजा अबीयाविरुद्ध उभा होता आणि त्याने एक तुकडी गुपचूप यहूदाच्या पिछाडीला पाठवली. यहूदी लोकांनी वळून पाहिलं तर पुढे-मागे दोन्हीकडे लढाई. पण ते मोडले नाहीत. कर्णे फुंकून, गर्जना करून उलट यराबामाचाच मोड केला. ग्रंथ याचं श्रेय देवाला देतो. डावाच्या बाजूने पाहिलं तर यराबामाने नुसती पिछाडी गाठली, शत्रूला जागेवरून हलवलं नाही. फळी शाबूत असलेल्या सैन्याला मागून धक्का दिला तरी ते तोंड फिरवून लढतं. आयचे लोक पाठलागात पांगलेले होते.

आणि हा डाव कोणी वेळेत ओळखला असं?

दुसऱ्या राजांच्या पुस्तकातला सातवा अध्याय वाचा. अरामी सैन्याने शोमरोनला, इस्राएलच्या राजधानीला, वेढा घातलेला, आत भयंकर उपासमार. एका संध्याकाळी चार कुष्ठरोगी मरायचंच आहे तर शत्रूकडे जाऊन मरू म्हणून छावणीत जातात आणि बघतात तर चिटपाखरू नाही. तंबू तसेच, घोडी-गाढवं बांधलेली. ते येऊन वेशीवर सांगतात. राजा रात्रीच उठतो आणि म्हणतो, आपण उपाशी आहोत हे त्यांना माहीत आहे. ते शेतात लपले असतील, आपण बाहेर पडलो की जिवंत धरतील आणि नगरात शिरतील.

आयच्या राजाला जे सुचलं नाही ते याला सुचलं. आणि गंमत म्हणजे इथे शंका चुकीची होती. अरामी खरोखरच घाबरून पळाले होते. पण तपासायची रीत बघा. एका सेवकाने सुचवलं, उरलेल्या घोड्यांपैकी काही घेऊन माणसं पाठवू, जगली तर ठीक, नाहीतर इथेही मरणारच आहेत. दोन रथ निघाले आणि थेट यार्देनेपर्यंत गेले. वाटभर कपडे आणि सामान पसरलेलं होतं, अरामी लोकांनी घाईत फेकून दिलेलं. सोंग घेऊन पळणारा आपलं सामान असं उधळत नाही, ते त्याला परत लागणार असतं. हा निरोप आल्यावरच लोक छावणी लुटायला बाहेर पडले, आणि गर्दी एवढी उसळली की वेशीवर नेमलेला सरदार तिथेच तुडवला जाऊन मेला.